गुरगुरू दे त्याला

देल्फिनाचं कुत्र्यांशी कधीच भांडण झालं नाही. तिची सगळी भांडणं माणसांशी.

इलोइलो शहराजवळच्या गिम्बल गावात, बाजाराकडून समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचं घर होतं. पन्नाशी उलटलेली, लग्न न केलेली, अंगानं काटक, आणि दोन भुवयांच्या मधोमध एक आठी. ती आठी झोपेतही जात नसेल, असं तिची वहिनी पासिता म्हणायची. तरुणपणी देल्फिना हाँगकाँगला घरकामाला गेली आणि एकाच घरात केस पिकेपर्यंत राहिली. तिथल्या मालकिणीला कुत्र्यांची हौस होती आणि त्यांच्यासाठी वेळ नव्हता. त्यामुळे त्यांना शिकवणीच्या वर्गाला नेणं-आणणं देल्फिनाच्या गळ्यात पडलं. वर्ग घेणारी बाई म्हातारी, कोरडी, कधी न हसणारी. ती पहिल्या दिवसापासून एकच सांगायची, की हात लावायच्या आधी नीट बघ. कुत्रं जांभई देतंय ती झोपेची की घाबरल्याची, शेपटी हलतेय ती सैल की ताठ, ते तोंड का फिरवतंय, ओठ का चाटतंय. देल्फिना बघत राहिली, वर्षानुवर्षं बघत राहिली, आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं की कुत्री सतत बोलत असतात आणि आजूबाजूची माणसं बहिरी आहेत.

हेच ज्ञान घेऊन ती गावी परतली, आणि तिथून तिच्या जिवाला घोर लागला.

कुणाचं कुत्रं उड्या मारतं, कुणाचं चपला फाडतं, कुणाचं दिवसभर भुंकतं, की लोक देल्फिनाला बोलवायचे. त्यांना कुत्रं सुधारून हवं असायचं, दुरुस्तीला टाकलेल्या पंख्यासारखं. सकाळी द्यायचं आणि संध्याकाळी न्यायचं. ती सांगायची की पंखा माझ्याकडे ठेवून उपयोग नाही, बटण तर तुम्ही दाबताय. लोकांना ते लागायचं. मासळीवालीचं कुत्रं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या छातीवर पाय ठेवायचं, आणि त्यानं पाय ठेवला की मासळीवाली दोन्ही हातांनी त्याचे कान कुरवाळत "नको रे, नको रे" म्हणायची. देल्फिनानं विचारलं, की उडी मारल्यावर लाड होतात तर त्यानं उडी का सोडावी? मासळीवाली म्हणाली, मी तर त्याला रागावतेय. शिक्षिका असलेल्या एका बाईंचं पिल्लू घरात मुतायचं, आणि बाई त्याचं नाक त्या ओल्या जागेवर घासायच्या. पिल्लू कान पाडून, अंग चोरून बसलं की बाई म्हणायच्या, बघा कसं तोंड केलंय, चूक कळते हो त्याला. देल्फिना म्हणायची, चूक नाही कळत, तुमचा हात कळतो. त्यानंतर त्या बाईंनी तिला बोलावलं नाही. असे बरेच जण सुटले. कुत्र्यापुढे ती तासभर एका जागी बसून राहू शकायची. माणसापुढे तिला दोन मिनिटं धीर धरवत नसे, आणि तिला ते ठाऊकही होतं.

पण ज्यानं तिला खरोखर जेरीस आणलं तो परका नव्हता. तो तिचा थोरला भाऊ सेर्वांदो.

वडिलांची होडी परत आली नाही त्या वर्षी सेर्वांदोनं शाळा सोडली, जीपनीच्या, म्हणजे प्रवासी नेणाऱ्या लांबट जीपच्या, मागच्या पायरीवर लटकून भाडं गोळा करायला लागला, आणि पुढे तीच जीपनी गिम्बल ते इलोइलो शहर अशी पंचवीस-तीस वर्षं चालवली. धाकट्या भावंडांना त्यानंच वाढवलं. देल्फिनाची शाळा, तिचा पासपोर्ट, तिच्या पहिल्या प्रवासाची पेटी, सगळं त्याचं. ती त्याला 'नोंग' म्हणायची आणि तो तिला 'दाय'. थोरला भाऊ आणि धाकटी बहीण एकमेकांना हाक मारतात तशी. गावात तिनं कुणाची भीड ठेवली नाही, पण नोंगपुढे तिची जीभ अर्ध्यावर थांबायची.

मग सेर्वांदोचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण कडेचं दिसेनासं झालं, गाडी चालवायचा परवाना गेला आणि मागोमाग जीपनीही विकली गेली. तो फाटकाशी खुर्ची टाकून बसायला लागला. मुलं शहरात स्थिरावलेली, बायको पासिता स्वयंपाकघरात आणि चर्चमध्ये. रस्त्यानं पूर्वीचे सोबती गाड्या घेऊन जायचे, हॉर्न वाजवायचे, आणि तो आवाजावरून गाडी ओळखायचा. त्याच दिवसांत एका चुलतभावानं त्याला पिल्लू आणून दिलं. तांबूस, उभ्या कानांचं, गावात असतं तसलंच. सेर्वांदोनं त्याचं नाव ठेवलं हेनेराल, म्हणजे सेनापती, आणि त्याला फाटकाशी साखळीनं बांधलं.

हेनेराल मोठा झाला तसं सेर्वांदोनं त्याला शिस्त लावायला घेतली. शिस्तीची त्याची कल्पना अशी, की भाताचं भांडं पुढे ठेवायचं, कुत्र्यानं दोन घास खाल्ले की भांडं उचलायचं, थोडा वेळ हातात धरून ठेवायचं आणि मग परत द्यायचं. मालक कोण हे कळलं पाहिजे. हेनेराल पहिल्यांदा नुसता बघत राहिला. मग तो भांड्यावर मान वाकवून भराभर खायला लागला. आणि एक दिवस सेर्वांदोचा हात पुढे आला तेव्हा तो हळूच गुरगुरला. सेर्वांदोनं पायातली चप्पल काढून त्याच्या तोंडावर हाणली.

देल्फिना तिथेच होती.

"नोंग, मारू नकोस," ती म्हणाली. "तुझा हात आला की जेवण जातं असं वाटतंय त्याला. भीती वाटते म्हणून सांगतोय. गुरगुरू दे त्याला."

"कुत्र्यानं मला सांगायचं?"

"न सांगता चावला तर चालेल?"

"माझं खातो आणि मला चावेल? दाय, तुझी ती हाँगकाँगची कुत्री गादीवर झोपणारी. हा फाटकावरचा आहे." आणि त्यानं भांडं पुन्हा उचललं, केवळ तिला दाखवायला.

देल्फिना घरी आली आणि रागानं सगळी भांडी पुन्हा घासली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनं तिथल्या तिथे उभं-आडवं घेतलं असतं. पुढचे काही दिवस ती रोज काहीतरी निमित्त काढून जायची आणि रोज तेच बोलायची. की भांडं काढण्याऐवजी जाता-जाता त्यात एखादा तुकडा टाक, म्हणजे माणूस जवळ आला की भर पडते असं त्याला वाटेल. सेर्वांदो मान हलवायचा, हो-हो म्हणायचा, आणि ती वळली की चप्पल हातात घ्यायचा.

मग एका सकाळी त्यानं तिला मुद्दाम बोलावून घेतलं. हेनेराल खात होता. सेर्वांदोनं भांडं ओढलं, परत ठेवलं, पुन्हा ओढलं. कुत्र्यानं हूं की चूं केलं नाही.

"बघितलंस?" तो म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. "लोकांच्या कुत्र्यांवर तू महिनोन् महिने घालवतेस. मी किती दिवसांत केलं?"

देल्फिनानं बघितलं. भांडं ओढलं गेलं तेव्हा हेनेरालचं अख्खं अंग लाकडासारखं झालं होतं. तोंड भांड्यात, पण घास गिळणं थांबलेलं, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं दिसत होतं. ती म्हणाली की तो सुधारला नाही, गप्प झालाय, आणि हे आधीपेक्षा वाईट आहे. सेर्वांदोचा चेहरा पडला. मग तो तुटकपणे म्हणाला की आपल्या घरच्या माणसाला जमलं की काहींच्या पोटात दुखतं.  जाताना तिनं पासिताला, आपल्या 'मानांग'ला, म्हणजे थोरल्या वहिनीला, बाजूला घेऊन विनवलं, "मानांग, तो खात असताना तुम्ही तरी जवळ जाऊ नका." वहिनी म्हणाली, नाही गं बाई, मी कशाला जाते. आणि ती विसरून गेली.

गावच्या फिएस्ताच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवशी सेर्वांदोकडे माणसांचा पूर लोटला होता. शहरातून मुलं-सुना आलेल्या, शेजारी आलेले, मोठ्या पातेल्यात तुरीचे दाणे, डुकराचं मांस आणि कच्चा फणस रटरटत होता. पाहुण्यांचा त्रास नको म्हणून कुणीतरी हेनेरालची साखळी फाटकावरून काढून मागच्या दाराशी बांधली, आणि कुणीतरी प्रेमानं त्याचं भांडं हाडांनी भरलं. पासिताच्या हातून डाव निसटला आणि घरंगळत त्या भांड्यापाशी गेला. ती वाकली. कुत्रा भुंकला नाही, गुरगुरला नाही, त्यानं दातसुद्धा दाखवले नाहीत. त्यानं सरळ तिचा हात धरला.

देल्फिनानं वहिनीला नळाखाली बसवलं आणि साबण लावून जखम धूत राहिली. पासिता म्हणाली, पुरे गं, तरी ती थांबेना. मग तिला तिचाकी रिक्षात घालून आरोग्य केंद्रात नेलं. इंजेक्शनं सुरू झाली. तिथल्या परिचारिकेनं बजावून सांगितलं की कुत्रा कुठेही जाऊ द्यायचा नाही, दोन आठवडे घरीच बांधून नजरेखाली ठेवायचा. त्याच्यात काही फरक दिसला तर लगेच यायचं.

परतल्या तेव्हा घरात एकच वाक्य चालू होतं. काही कारण नसताना चावला हो, आवाज नाही, काही नाही. हे वाक्य जो तो येऊन देल्फिनाला सांगत होता, आणि तिला प्रत्येकाचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. कुत्र्याचा आवाज आपोआप गेला नव्हता. सगळ्यांसमोर, चपलेनं, रोज थोडा थोडा काढून घेतला होता. तिनं सेर्वांदोकडे पाहिलं. तो खुर्चीत बसून होता आणि कुणाकडेच बघत नव्हता, म्हणून ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडून एक माणूस आला. तो नको झालेली कुत्री घेऊन जायचा. त्यांचं पुढे काय होतं हे त्याला कुणी विचारत नसे, कारण सगळ्यांना माहीत होतं. देल्फिना फाटकात आडवी उभी राहिली आणि तिनं आरोग्य केंद्राचा हुकूम सांगितला. तो माणूस म्हणाला, मग दोन आठवड्यांनी येतो.

"तोवर त्याची जबाबदारी माझी," ती भावाला म्हणाली.

"काय करायचं ते कर. मला त्याचं तोंड बघायचं नाही."

सेर्वांदोच्याच परसात डुकरांचा एक जुना रिकामा गोठा होता. देल्फिनानं बांबू ठोकून त्याला कूड घातला, वर सावली केली, आणि हेनेरालला साखळीशिवाय आत सोडलं. मग तिनं घरच्यांना नियम सांगितले. नियम अगदी सोपे होते. तो खात असताना कुणी भांड्याला हात लावायचा नाही. गोठ्याच्या बाजूनं जाताना, लांबूनच, एक सुका मासा त्याच्याकडे टाकायचा आणि चालू पडायचं. थांबायचं नाही, बोलायचं नाही, बघत बसायचं नाही.

एवढंसुद्धा कुणाला जमलं नाही. पासिता एका हाताला पट्टी बांधून जायची, मासा टाकायची, आणि मग तिथेच उभी राहून कुत्र्याला विचारायची की मी तुझं काय वाकडं केलं होतं. हेनेराल ताठ व्हायचा. देल्फिना खिडकीतून ओरडायची, मानांग, चाला. शेजारीण कुडावरून मान घालून बघायची. फिएस्तापासून मुक्कामाला असलेल्या सुनेनं मासे वास मारतात म्हणून बिस्किटं टाकली, ती भांड्यापासून लांब पडली, आणि कुत्रा भांडं राखायचं की बिस्किटं या पेचात गोल गोल फिरत बसला. देल्फिनाच्या नाकी नऊ आले. रोज सकाळी ती नव्यानं समजावायची, आणि दुपारपर्यंत प्रत्येकानं त्यात आपली भर घातलेली असायची.

सेर्वांदो मात्र फाटकाजवळच्या खुर्चीतून हलत नव्हता. तिथूनच टोमणे मारायचा. "चावल्याबद्दल मासे मिळतात म्हणे," तो रस्त्यानं जाणाऱ्याला सांगायचा. "मी पण चावून बघतो कुणाला तरी. लाच देतेय त्याला माझी बहीण."

एक दिवस देल्फिनाचा बांध फुटला. ती परसातून तरातरा पुढे आली आणि इतकी वर्षं जे कधी बोलली नव्हती ते सगळं एका दमात बोलली. की हे सगळं तुझ्यामुळे झालं, वहिनीचा हात तुझ्या चपलेनं फाटला, आणि तरी तू बसल्या जागी हसतोस. तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.  सेर्वांदोनं मान खाली घातली, मग तोंड रस्त्याकडे फिरवलं, आणि कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

देल्फिना जागच्या जागी थांबली. समोर कुत्रं असतं तर ती केव्हाच दोन पावलं मागे झाली असती.

ती घरी गेली आणि पुष्कळ वेळ पायरीवर बसून राहिली. गाडी गेली, नजर गेली, मुलं गेली. अख्ख्या घरात त्याचं ऐकणारं एकच उरलं होतं, आणि ते ऐकतंय हे तो रोज भांडं ओढून खात्री करून घेत होता. हे कळल्यानं तिचा राग गेला नाही. पण ओरडून काही होणार नाही एवढं तिला दिसलं, आणि त्याचाही तिला संतापच आला, कारण ओरडणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉफी घेऊन त्याच्याकडे गेली. चपलेचा विषय काढला नाही. म्हणाली की नोंग, घरात कुणाला वेळ नाही, सगळे घाईत मासा फेकतात. हेनेराल दिवसभर फाटकाकडे कान लावून बसतो. तुझी खुर्ची तिकडे नेऊन ठेवू का, लांबच, आंब्याखाली?

त्यानं कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ऊन इथेही लागतंच."

खुर्ची आंब्याखाली गेली. पहिल्या दिवशी सेर्वांदोनं मासा असा फेकला की तो कुत्र्याच्या पाठीवर आपटला. देल्फिनाच्या तोंडात शब्द आले होते, ते तिनं गिळले आणि म्हणाली, अंतर बरोबर ठेवलंस. दुसऱ्या दिवशी त्यानं पाच-सहा मासे लागोपाठ फेकले. ती म्हणाली, हात हळू उचललास ते चांगलं केलंस. कुत्र्याला शाबासकी देताना तिला कधी जड गेलं नव्हतं. भावाला देताना दात खाऊन द्यावी लागत होती. पण तो रोज बसायला लागला. मासे संपले की तसाच बसून राहायचा आणि रस्त्यावरच्या गाड्यांची नावं कुत्र्याला सांगायचा. हेनेराल आधी कोपऱ्यात पडून ऐकायचा, मग गोठ्याच्या मध्यात, आणि पुढे पुढे कुडाशी.

दोन आठवडे झाले. पासिताची इंजेक्शनं पूर्ण होत आली होती, कुत्रा धडधाकट होता, आणि नदीपलीकडचा माणूस ठरल्याप्रमाणे आला. देल्फिना कपडे टाकून धावली, पण तिला पोचायला उशीर झाला. सेर्वांदोनं त्याला फाटकातूनच परत पाठवलं होतं. काय सांगितलंस म्हणून तिनं विचारलं, तर म्हणाला, "सांगितलं की शिक्षण अर्धवट आहे."

त्यानंतर पुष्कळ दिवस सुरळीत गेले. हेनेराल आता खाताना मान वर काढायचा, माणूस येताना दिसला की शेपटी सैल हलायची, मासा पडायची वाट बघायचा. देल्फिनानं बजावून ठेवलं होतं की तरीही भांड्याला कुणी हात लावायचा नाही, अजिबात नाही, परीक्षा म्हणूनही नाही. आणि हे बजावल्यामुळेच असेल, एका दुपारी ती अंगणात कपडे धूत असताना सेर्वांदो काठी टेकत आला आणि अपराध्यासारखा उभा राहिला.

"दाय, तुझं सगळं फुकट गेलं," तो म्हणाला. "पुन्हा गुरगुरला."

"का गुरगुरला?"

"भांडं उचलून बघितलं मी. सहज."

देल्फिनानं हातातलं कापड टबात टाकलं. इतक्या दिवसांची मेहनत, इतके मासे, इतकी गिळलेली वाक्यं, आणि हा माणूस सहज भांडं उचलून बघतो. तिनं डोळे मिटले आणि विचारलं, "मग तू काय केलंस?"

"काय करणार? ठेवलं खाली आणि मागे आलो."

"चप्पल?"

"पायातच होती," तो जरा चिडून म्हणाला. "तो नको म्हणाला ना. म्हणून मागे आलो."

देल्फिनानं साबणाच्या हातांनीच कपाळ धरलं आणि टबाच्या कडेवर बसली. सेर्वांदोला नीट दिसत नव्हतं, त्यामुळे ती हसतेय की रडतेय हे त्याला कळेना. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला की काय झालं, वाईट झालं का. ती म्हणाली की नोंग, याच्यासाठीच तर एवढं केलं. त्याला पुन्हा बोलावंसं वाटलं. तू ऐकशील असं वाटलं त्याला.  सेर्वांदो म्हणाला की हे आधी नीट समजावून सांगायचं होतंस. देल्फिनानं टबातलं कापड उचललं आणि दगडावर इतकं आपटलं की शेजारीण बाहेर आली.

हेनेराल त्या घरात पुढे बरीच वर्षं जगला. तो कधी लाडिक झाला नाही. परक्या माणसानं कुडाशी हात नेला की तो गुरगुरायचा, आणि सेर्वांदो खुर्चीतून म्हणायचा, ऐकलंत ना, हात मागे घ्या. पासिता त्याच्या जवळ गेली नाही ती नाहीच, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्यासाठी हाड फेकायची, आणि फेकताना देवाचं नाव घ्यायची. देल्फिनानं त्याची साखळी भंगारात दिली.

सेर्वांदो मात्र गावात कुत्र्यांचा जाणकार म्हणून प्रसिद्ध झाला. लोक फाटकाशी थांबून त्याला विचारायचे. तो न ओरडता, न रागावता, कॉफी पाजून सांगायचा, त्यामुळे लोक देल्फिनाला सोडून त्याच्याकडे जायला लागले. मासळीवालीसुद्धा गेली. त्यानं तिला सांगितलं की कुत्र्यानं उडी मारली की पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर आले की लाड करायचे. मासळीवालीनं ते ऐकलं, आणि देल्फिनाला येऊन म्हणाली, "तुमचा भाऊ किती सोपं करून सांगतो हो. तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत."

देल्फिनानं तिच्याकडून सुके मासे घेतले, टोपलीत भरले, आणि वाटेला लागली. बाजाराच्या टोकाशी एक माणूस पिल्लाला गळ्यातल्या दोरीनं फरफटत नेत होता आणि पिल्लू चारही पाय रोवून बसलं होतं. ती थांबली, टोपली खाली ठेवली, आणि त्याला जरा थांबायला सांगितलं.